हौदावरची बोटतुटी : पहिन्यातले चार दिवस

गुरुवार

जूनचा तिसरा आठवडा, पाऊस नीट लागला होता, भाच्याची शाळा सुरू झालेली पण त्याच्या आईने दोन दिवस सुट्टी मंजूर केली आणि आम्ही दोघं दुपारी दोनला नाशिकहून निघालो. सातपूर सोडलं, अंजनेरी डावीकडे ढगात बुडालेलं, मग त्र्यंबकच्या अलीकडे पेगलवाडी फाट्याला डावीकडे वळून घोटीच्या रस्त्याने पहिने. माझ्या यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं गावाकडचं घर तिथं आहे, त्याची आई आणि मोठा भाऊ राहतात. आम्ही त्यांना आजी आणि मामाच म्हणतो.

मला झाडबेडूक बघायचे होते. गेली तीन वर्षं मी पावसाळ्यात ते शोधतेय आणि दरवर्षी एखाद-दुसरा दिसतो, पण मला नुसता दिसून समाधान नव्हतं, मला तो रंग बदलताना बघायचा होता, एकच बेडूक, डोळ्यासमोर. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी, पण तो तोच आहे हे कसं कळणार? प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

शहरात वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीत ३००० च्या पुढे, हा फरक गाडीतून जाताना डोळ्यांनी दिसतो. सातपूरला वायपर अधूनमधून, पेगलवाडीनंतर बंदच केला नाही. भाताची रोपं तरारलेली पण आवणी अजून सुरू नव्हती, खाचरं नुसती भरलेली. आणि त्या खाचरांमधून जो आवाज येत होता तो काच बंद असतानाही ऐकू येत होता, म्हणून गाडी बाजूला घेतली.

पिवळेधम्मक बेडूक. लिंबासारखे पिवळे, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या फुगवट्या, ओरडताना फुगतात. वीस-पंचवीस तरी असतील एका खाचरात. भाचा म्हणाला हे इथले नाहीत, कुणीतरी आणून सोडलेत. तर नाही, हा आपला नेहमीचा मोठा बेडूक, बुलफ्रॉग, जो एरवी शेवाळी-तपकिरी असतो आणि बांधाच्या मातीत दिसतही नाही. पहिल्या मोठ्या पावसात नर असे पिवळे होतात, माद्या नाही होत, आणि हे थोडेच दिवस टिकतं, जोड्या जमल्या की परत मातकट. लपण्यासाठी रंग आणि उठून दिसण्यासाठी रंग, एकाच जनावराकडे दोन्ही. मामा नंतर म्हणाले की त्यांच्या लहानपणी हे पोत्यात भरून नेणारी माणसं यायची. तंगड्या परदेशी जायच्या. १९८७ ला ती निर्यात बंद झाली आणि मला खरंच वाटतं की आज खाचरात जो आवाज आहे त्यात त्या बंदीचा वाटा आहे, कारण बेडूक गेले की खाचरातले किडे कोण खाणार हे भातवाल्याला शिकवावं लागत नाही.

घरी पोचलो तर आजी ओट्यावर. काय गं, बेंडकं बघाया आल्या व्हय? हो म्हटलं. तर म्हणाल्या मोरीत जाऊन बघ, एक भितीला चिकटलंय, मी त्याला रोज हाकलते आन् ते रोज येतं.

मोरीत नव्हता. पण रात्री पावणेदहाला गोठ्याजवळच्या सिमेंटच्या हौदावर टॉर्च मारला आणि हौदाला टेकून उभ्या केलेल्या सागाच्या वाशावर तो बसलेला. गडद तपकिरी, ओल्या लाकडाचाच रंग, पाठीवर काळपट डाग. मी त्याच वाशावरून दोनदा टॉर्च फिरवून गेले होते. दिसला तो डोळ्यामुळे, टॉर्चचा उजेड डोळ्यात चमकला. मोठा होता, नाकापासून बुडापर्यंत सात सेंटीमीटर तरी, म्हणजे मादी, नर बरेच लहान असतात. भाच्याने झूम करून फोटो काढला आणि ओरडला, मावशी हिच्या डाव्या पुढच्या पायाचं शेवटचं बोट तुटलंय! खरंच, बाकी बोटांना टोकाशी ती गोल चकती होती आणि त्या एका बोटाला नुसतं थोटूक.

झालं, उत्तर सापडलं. तिचं नाव बोटतुटी पडलं.

शुक्रवार

सकाळी सहाला मोरीपासून गोठ्यापर्यंत सगळं पालथं घातलं, बोटतुटी कुठेच नाही. मग पोहे खाऊन अंजनेरीला गेलो. तिथे काय झालं ते थोडक्यात सांगते कारण सांगण्यासारखं कमी आहे: धुकं, घसरण, वरच्या तळ्यापर्यंत पोचलो, कारवीची पानं उलटून उलटून हात दुखले आणि एकही झाडबेडूक नाही. दिवसा ते शोधायचे नसतात हे मला माहीत होतं तरी गेले. ते दिवसा हातपाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून, अगदी आवळून बसतात, कातडीतून पाणी उडून जाऊ नये म्हणून, आणि मग ती गाठ आहे, वाळकं पान आहे की बेडूक आहे काही कळत नाही. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथल्या नावाचंच एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, त्यामुळे पायवाट सोडून झुडपात शिरायचं नाही हा नियम आम्ही दोघांनी पाळला, आणि ज्यांना तिथं जायचंय त्यांनीही पाळावा.

खरी मजा रात्री.

घरामागे डोंगराचा उतार आहे, करवंदाच्या जाळ्या, निरगुडी, कारवी. अंधार पडला आणि तिथून टिक्... टिक्-टिक् असा आवाज सुरू झाला, कोणीतरी दगडावर दगड हलकेच आपटतंय असा. मामा म्हणाले हा किडा आहे. मी म्हटलं मामा हा बेडूक आहे, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यांचा विश्वास बसेना, आयुष्यभर हा आवाज ऐकलाय म्हणाले, किडाच. मग त्यांनाच बरोबर घेतलं.

तर पद्धत अशी की एकटा माणूस या आवाजाला फसतो. आवाज डावीकडून येतोय वाटतं, तुम्ही जाता, तो थांबतो, मग उजवीकडून येतो. म्हणून मामा एका बाजूला उभे, मी दुसऱ्या बाजूला आठ-दहा पावलांवर, दोघांनी टॉर्च बंद, आवाज आला की दोघांनी हात त्या दिशेला करायचा, आणि भाचा मागे उभा राहून दोन हातांच्या रेषा कुठे मिळतात ते बघणार. मग टॉर्च लावायचा, पण लाल जिलेटीन पेपर गुंडाळून, पांढऱ्या झोतात ते गप्प होतात. पहिल्या तीन वेळा हुकलं. चौथ्या वेळी रेषा एका करवंदाच्या जाळीत मिळाल्या आणि आम्ही तिघं त्या जाळीसमोर गुडघ्यावर बसलो, वरून पाऊस, आणि दहा मिनिटं काहीच दिसेना. आवाज दीड फुटावरून येत होता! मामांनीच पाहिला शेवटी. पान हलतंय म्हणाले. पान नव्हतं हलत, पानाच्या कडेवर त्याचा गळा फुगत होता, पारदर्शक फुग्यासारखा, बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठा.

पिवळट बदामी रंग, अंगावर धूसर रेघा, अडीच सेंटीमीटरच्या आत. मामा काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले, मग हळूच म्हणाले, एवढा आवाज याचा?

हे झुडपी बेडूक, रावर्केस्टिस. २०१० साली या सगळ्या गटाला ते नाव दिलं, बंगळूरचे सी. आर. नारायण राव म्हणून बेडकांचे मोठे अभ्यासक होऊन गेले त्यांच्या नावावरून. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून याच गटातली एक नवी जात नोंदवली, रावर्केस्टिस घाटेई, पुण्याच्या प्रा. हेमंत घाटे यांच्या नावाची. म्हणजे बघा, आपल्या घरामागे रात्रभर ओरडणारा प्राणी आणि त्याला नाव मिळून पुरती पंधरा-वीस वर्षंही झाली नाहीत. यांचं आणखी एक वेगळेपण म्हणजे यांना टॅडपोल, म्हणजे पाण्यात पोहणारी शेपटीवाली पिल्लं, नसतातच. अंड्यातून थेट शेपटीचा ठिपका असलेलं इवलंसं बेडूक बाहेर येतं, त्यामुळे यांना डबकं लागत नाही, ओल लागते. झाडी तोडून उतार उघडा केला की ती ओल जाते आणि आवाजही जातो.

भाचा त्याला हातात घ्यायला पुढे झाला, मी थांबवलं. त्याने संध्याकाळी डासांचं मलम चोळलं होतं हाताला. बेडूक कातडीतून पाणी पितो, श्वाससुद्धा घेतो, त्यामुळे आपल्या हाताला जे लागलंय ते सगळं त्याच्या अंगात जातं. तो नाराज झाला पण ऐकलं त्याने. बूटही आम्ही नाशिकहून निघताना ब्रशने घासून, उन्हात वाळवून आणले होते, कारण बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे, जगभर तिने बेडूक मारलेत, आणि ती ओल्या चिखलातून एका पाणथळीतून दुसरीकडे जाते.

परतताना साडेअकराला हौदावर पाहिलं. बोटतुटी त्याच वाशावर, तशीच गडद.

शनिवार

आज कुठेच जायचं नाही असं ठरवलं. दिवसभर हौद.

सकाळी पाऊस थांबून चक्क ऊन पडलं. दोन तास शोधलं, वाशावर नाही, हौदाखाली नाही, पेरूच्या झाडावर नाही. आजी गोठा झाडत होत्या, त्यांनी झाडू टेकवला आणि म्हणाल्या, ते काय, भितीला. गोठ्याच्या चुन्याने सारवलेल्या भिंतीवर, छपराच्या खाली, माझ्या डोक्याच्या उंचीला. मी त्या भिंतीला पाठ लावून उभी होते मघाशी.

पांढरा! अगदी चुन्यासारखा नाही, पण मळकट पांढरा, साय जुनी झाली की होते तसा. पाठीवरचे डाग जवळजवळ गेलेले, नुसती सावली उरलेली. माझी खात्री होती की हा दुसरा बेडूक आहे. भाच्याने स्टूल आणलं, हात पोटाखाली दुमडलेले, काही दिसेना. वाट बघत बसलो. पाऊण तासाने तिने डावा हात बाहेर काढला आणि स्वतःच्या पाठीवरून, डोक्यावरून पुसायला लागली, मांजर तोंड पुसते तसं. आणि ते थोटूक दिसलं.

दोघंही ओरडलो. आजी पळत आल्या, त्यांना वाटलं साप.

ते पुसणं पण काय आहे ते सांगते. या जातीच्या कातडीत ग्रंथी असतात, त्यातून चरबीसारखा पदार्थ येतो आणि बेडूक तो हातापायांनी अंगभर पसरवतो, जसं आपण थंडीत तेल लावतो. त्याने पाणी उडणं कमी होतं. म्हणून हा बेडूक बाकीच्यांपेक्षा कोरड्यात तग धरतो, मोरीत, गोठ्यात, भिंतीवर राहू शकतो. इंग्रजीत याला चुनाम फ्रॉगही म्हणतात, म्हणजे आपला चुनाच. १८३० साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी याचं शास्त्रीय वर्णन केलं, पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस, मॅक्युलेटस म्हणजे ठिपक्यांचा. मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात, ते पाय ताणला तरच दिसतात.

मग आम्ही नीट नोंद ठेवायची ठरवलं. फोटोत रंगाची गडबड होते, फ्लॅश आला की सगळं पिवळं, सावलीत सगळं निळं. भाच्याने कंपासपेटीतली पांढरी पट्टी आणली आणि दर फोटोत ती भिंतीला टेकवून बेडकाशेजारी धरायची, म्हणजे पट्टीच्या पांढऱ्याशी तुलना करता येते. ही युक्ती त्याची, मला सुचली नव्हती.

सव्वाबारा, मळकट पांढरी. दीड, तीच, उलट आणखी फिकट. पावणेचारला आभाळ एकदम भरून आलं, गार वारं, आणि मग जी सर आली ती छपरावरून धारा लागल्या. चार वाजता राखाडी झाक. चार वीसला पाठीवरचे डाग परत दिसायला लागले, कोणीतरी पेन्सिलने हळूहळू गिरवतंय असे. चार पन्नासला ती राखट तपकिरी होती आणि आम्ही स्टूलवरून आळीपाळीने बघत होतो, कोणी चहालाही हललं नाही. साडेसहाला ती भिंतीवरून सरकत वाशाकडे निघाली तेव्हा काल रात्रीचीच ती, ओल्या सागाच्या रंगाची.

एका मिनिटात रंग बदलतो असं काही नाही, हे डोक्यातून काढून टाका. माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या रंगपेशींना नसा जोडलेल्या असतात, ते झटक्यात बदलतात. बेडकाचा हुकूम रक्तातून येतो. मेंदूच्या खालची पिट्युटरी ग्रंथी एक संप्रेरक सोडते, ते रक्तातून कातडीपर्यंत जातं. कातडीत रंगपेशींचे तीन थर, वर पिवळ्या, मधे आरशासारखे बारीक स्फटिक असलेल्या, आणि खाली काळ्या कणांच्या पेशी ज्यांना झाडाच्या फांद्यांसारखे हात असतात. काळे कण त्या फांद्यांमध्ये पसरले की बेडूक गडद, कण मधे गोळा झाले की फिकट. भाच्याला मी मूठ उघडून-मिटून दाखवलं. हिरवे झाडबेडूक असतात त्यांतल्या पुष्कळांत हिरवा रंग नसतोच मुळात, मधल्या थरातून परतलेला निळा उजेड वरच्या पिवळ्यातून गाळून आला की हिरवा दिसतो. आणि बदल फक्त मागच्या भिंतीच्या रंगासाठीही नाही. ऊन, गारवा, ओल, सगळ्याचा परिणाम. उन्हात फिकट राहिलं की अंग कमी तापतं. म्हणून सांगते, शोधताना रंगावर जाऊ नका. मी तीन वर्षं फोटोतला रंग डोक्यात धरून शोधत होते. आकार बघा, आवळून बसलेला गोळा, आणि जागा बघा, पाण्यापासून हातभर अंतरावरची.

रात्री जेवून, नागलीची भाकरी आणि झणझणीत ठेचा, परत हौदावर. टक-टक-टक-टक असा लाकडावर काठी वाजवल्यासारखा आवाज सुरू होता, तीन नर होते, पिवळसर फिके. बोटतुटी पेरूच्या फांदीवर, जी हौदावर झुकलेली आहे. साडेदहाला एक नर तिच्या पाठीवर चढला. तिच्यापुढे तो अगदीच लहान दिसत होता. पाऊण तास दोघं हललेच नाहीत. आम्ही लाल टॉर्च लांब ठेवून ओट्यावर बसलो, आजीही घोंगडी घेऊन आमच्यात.

त्यात एकदा उठून मामांबरोबर रस्त्यावर गेले होते, पुलापाशी आवाज जास्त आहे म्हणाले म्हणून. ते लिहावंसं वाटत नाही पण लिहिते. धबधब्यांच्या गर्दीच्या गाड्या शनिवारी रात्री उशिरापर्यंत जातात, आणि पावसात बेडूक रस्ता ओलांडतात. पुलापासून वळणापर्यंत आम्ही मेलेले एकोणीस मोजले, त्यात दोन पिवळे नर. मामांनी आणि मी जिवंत होते ते सहा उचलून पलीकडे सोडले, ओल्या हातांनी. पावसाळ्यात या रस्त्याला रात्री येणार असाल तर वळणांवर वेग तीसवर आणा, एवढंच माझं हात जोडून सांगणं आहे.

परत आलो तर भाचा ओट्याच्या टोकाला उभा, तोंडावर बोट. फांदीवर पांढरं काहीतरी.

बोटतुटी मागच्या दोन पायांनी घुसळत होती, अंडं फेटतात तसं. अंगातून निघालेला चिकट द्रव घुसळून त्याचा फेस, त्यात अंडी. फेस वाढत वाढत मुठीएवढा झाला, मग त्याहून मोठा. आजी इतकंच म्हणाल्या, ताक करतीय गं.

रविवार

सकाळी ती फांदीवर नव्हती, कुठेच नव्हती. फेसाचं घरटं होतं, बाहेरून थोडं कडक झालेलं, पिवळट, साजूक तुपासारखं, बरोबर हौदाच्या पाण्यावर लोंबतंय. आत शेकडो अंडी असणार. बाहेरचा फेस वाळतो आणि आतला ओला राहतो, त्यात अंडी फुटतात, आणि तीन-चार दिवसांनी फेस विरघळून टॅडपोल टपटप खालच्या पाण्यात पडतात. खाली पाणी असायला हवं, नाहीतर संपलं.

आणि आजी रविवारी हौद उपसून घासणार होत्या. शेवाळ झालं होतं, गुरांना प्यायला द्यायचं पाणी, त्यांची अडचण खरी होती. मी काय बोलावं विचार करत होते तेवढ्यात भाच्यानेच आजींना फांदीजवळ नेलं आणि सगळं सांगितलं, काल मी त्याला सांगितलेलं सगळं, मूठ उघडून-मिटून दाखवण्यासकट. आजी ऐकत होत्या. मग मामांना हाक मारली, निळा ड्रम पागोळीखाली लाव, गुरांचं पाणी आठ दिस त्याच्यातनं.

दुपारी निघालो. आजींनी जांभळं बांधून दिली. भाचा गाडीत पट्टी धरलेले सगळे फोटो ओळीने लावून बघत होता, अकरा फोटो, पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत, सगळ्यात तेच थोटूक.

बुधवारी संध्याकाळी मामांच्या फोनवरून आजींचा फोन आला. मागे पावसाचा आवाज इतका होता की नीट ऐकू येत नव्हतं. त्या ओरडूनच बोलत होत्या, पडली गं, सकाळधरनं पडत्यात, हौद नुसता वळवळतोय, पोराला सांग!